विस्तीर्ण वर्तुळातला नेम

रायफलीवरच्या दुर्बिणीला डोळा लावला की बहुतेकांची नजर थेट मधल्या फुलीवर जाते. रसिकाने मात्र आधी कडेकडे पाहावे. दृश्य संपून नळीच्या आतला काळोख जिथे सुरू होतो, तिथली ती काळी कडा किती जाड आहे, हे न्याहाळावे. साध्या स्कोपमध्ये ही कडा चांगली दणकट असते; मधोमध उजळ चकती आणि तिच्याभोवती रुंद काळे कडे, त्यामुळे आपण नळकांड्यातून पलीकडे डोकावतो आहोत याचा क्षणभरही विसर पडत नाही. रुंद दृष्टिक्षेत्राच्या स्कोपमध्ये तीच कडा आक्रसत जाऊन पेन्सिलीच्या रेघेएवढी उरते, कधी तर ती मुद्दाम शोधावी लागते, आणि मग पाहण्याची सगळी जातच बदलते. यंत्र बाजूला सरते आणि उरते ते दृश्य. एका कडेच्या जाडीत केवढा फरक साठवलेला असतो हे एकदा जाणवले, की स्कोप हे केवळ नेम साधण्याचे साधन आहे असे म्हणणे आपल्याला जड जाऊ लागते.

या अनुभवाचा आस्वाद त्याच्या खऱ्या ठिकाणी घ्यावा, आणि ते ठिकाण म्हणजे इंग्लंडमधली ओक-बीचच्या झाडांची एखादी राई. एअर रायफलीचा ‘फील्ड टार्गेट’ हा खेळ १९८० च्या सुमारास इंग्लंडमध्येच जन्मला आणि पुढे त्याला ‘हंटर फील्ड टार्गेट’ ही शाखा फुटली. बुंध्यांच्या मधून, नेच्यांच्या झुडपांआडून पत्र्याचे ससे, उंदीर, कावळे उभे केलेले असतात. प्रत्येकाच्या अंगावर एक गोल छिद्र, लहानात लहान १५ मिलिमीटरचे, मोठ्यात मोठे ४५ चे, आणि छिद्रामागे एक पाते. छर्रा छिद्रातून आरपार जाऊन पात्यावर आदळला की ससा मागे कोसळतो. पत्र्यावर आदळला तर ठण्‌ वाजते, रंगावर शिशाचा करडा डाग उमटतो आणि ससा उभाच राहतो. हंटर प्रकारात लक्ष्य पाडले तर दोन गुण, पत्र्याला लागले तर एक, हुकले तर शून्य. अंतर ८ यार्डांपासून ४५ यार्डांपर्यंत काहीही असू शकते आणि ते कुणी सांगत नाही. जमिनीत रोवलेल्या खुंटीला अंगाचा किंवा रायफलीचा कुठला तरी भाग टेकवायचा, बहुतेक वेळा पालथे पडायचे, आणि डोळा स्कोपला लावायचा.

त्या क्षणी आपल्यापुढे काय येते? स्कोप १० पटीवर आहे असे धरू. साध्या नेत्रिकेतून, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगांतून, डोळ्यासमोरचे वर्तुळ सुमारे २३ अंशांचे दिसते; त्याला दहाने भागले की खऱ्या जगाचा २.३ अंशांचा तुकडा हाती येतो, म्हणजे ३० मीटरवर सुमारे १ मीटर २० सेंटिमीटर रुंदीचे दृश्य. आता नेत्रिका बदलून वर्तुळ ३६ अंशांचे करू. पट तीच, ससा तेवढाच मोठा, छिद्र तेवढेच ठसठशीत, पण दृश्याची रुंदी होते १ मीटर ९० सेंटिमीटरच्या आसपास. रुंदीतली ही वाढ दीडपटीहून थोडी अधिक असली, तरी वर्तुळाचे क्षेत्रफळ जवळजवळ अडीचपट होते, आणि डोळा जगतो तो क्षेत्रफळावर. पहिल्या दृश्यात ससा आणि त्याच्या पायाशी गवताची चार पाती होती. दुसऱ्यात ससा ज्या ओकच्या मुळाशी बसला आहे ते मूळ आहे, मुळावरचे शेवाळ आहे, डावीकडे वाळलेल्या नेच्याचा तांबूस झुबका आहे, मागे उन्हाचा एक कवडसा आहे. १० पटीची जवळीक आणि साध्या स्कोपला साडेसहा पटीच्या खाली उतरल्याशिवाय न मिळणारा ऐसपैसपणा, ही दोन सुखे एरवी एकत्र येत नाहीत. इथे ती एका वर्तुळात नांदतात.

ही रुंदी येते कुठून, याचे उत्तर फार देखणे आहे. वाड्याच्या खिडकीपासून चार पावले मागे उभे राहिले की अंगणाचा एवढासा चौकोन दिसतो. पुढे होऊन चौकटीला कपाळ टेकले की तुळशीवृंदावनापासून दिंडीदरवाजापर्यंत सगळे अंगण उघडते. खिडकी तेवढीच असते, बदलते ते तिचे डोळ्यापासूनचे अंतर. स्कोपची नेत्रिका ही अशीच खिडकी आहे. तिचा व्यास ३६ मिलिमीटर आणि डोळ्याचे अंतर ९० मिलिमीटर असेल, तर साधी भूमिती सांगते की वर्तुळ २३ अंशांपेक्षा मोठे होऊ शकत नाही. डोळा ४० मिलिमीटरपर्यंत पुढे आणता आला आणि भिंगांची रचना त्या अंतरासाठी केलेली असली, तर त्याच व्यासातून पंचेचाळीस अंशांहूनही रुंद दृश्याला वाट मिळते. म्हणजे रुंद दृश्याची सारी किंमत एका गोष्टीत मोजली जाते: डोळा किती जवळ येऊ शकतो. आणि एवढे लक्षात आले की एअर रायफलीच्या स्वभावाची खरी थोरवी आपल्यासमोर उलगडू लागते.

बारुदाच्या मोठ्या रायफलीवर डोळा जवळ आणता येत नाही. गोळी सुटताना ती रायफल सेकंदाला तीनेक मीटर वेगाने मागे येते, आणि स्कोपची कडा भुवईवर आदळू नये म्हणून नेत्रिकेपासून चांगले तीन-साडेतीन इंच दूर राहावे लागते. त्या तीन इंचांतच दृश्याची रुंदी सांडून जाते. उलट, साठवलेल्या हवेवर चालणाऱ्या एअर रायफलीचा हिशेब पाहा. इंग्लंडमध्ये परवान्याविना वापरता येणाऱ्या एअर रायफलीच्या ऊर्जेला १२ फूट-पौंडांची मर्यादा आहे. त्या मर्यादेत ४.५ मिलिमीटर व्यासाचा, जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला सुमारे २४० मीटर वेगाने निघतो, आणि त्याच्या प्रतिक्रियेने चार किलोची रायफल मागे सरकते ती सेकंदाला तीन-चार सेंटिमीटर वेगाने. हा धक्का नव्हे, केवळ एक हलका श्वास. या सौम्यतेमुळेच डोळ्याला नेत्रिकेच्या अगदी लगत जाण्याची मुभा मिळते, आणि त्या मुभेतून वर्तुळ विस्तारते. अल्प शक्ती ही या शस्त्राची उणीव मानली जाते. दृष्टीच्या बाबतीत मात्र तीच त्याची श्रीमंती ठरते. शक्ती कमी म्हणून जवळीक शक्य, आणि जवळीक शक्य म्हणून विस्तार. या तीन दुव्यांची साखळी मनात धरली, तर पुढचे प्रत्येक सुख तिच्यात ओवता येते.

इथे एक नाजूक भेद जपला पाहिजे. स्प्रिंगवर चालणारी, नळी मोडून भरायची एअर रायफल या साखळीत बसत नाही. चाप ओढताच आतला दट्ट्या वेगाने पुढे झेपावतो, त्यामुळे रायफल आधी मागे सरकते; आणि दट्ट्या टोकाला जाऊन थांबला की ती उलटी पुढे हिसका खाते. दोन्ही दिशांचा हा दुहेरी हिसका इतका विचित्र असतो, की केवळ मागच्या धक्क्यासाठी बांधलेल्या, मोठमोठ्या रायफलींवर निर्धास्त टिकणाऱ्या दुर्बिणींची भिंगेही त्याने सैल होऊ शकतात. अशा रायफलीवर त्या हिसक्यासाठी घडवलेला आणि डोळ्यापासून दूर राहणारा स्कोपच शोभतो. रुंद नेत्रिकेचे सुख हवेच्या टाकीवाल्या शांत रायफलीचे आहे, आणि ते तिथेच घ्यावे.

ब्रिटिश एमटीसी ऑप्टिक्सचा ‘वायपर कनेक्ट’ हा ३ ते १२ पटींचा, ३२ मिलिमीटर वस्तुभिंगाचा स्कोप या विचाराचे एक सुरेख उदाहरण आहे. त्याच्या मागच्या टोकाला मऊ रबराची वाटी आहे, आणि डोळा त्या वाटीशी भिडवूनच पाहायचे आहे. या वाटीजवळ थोडे रेंगाळू. तिचे पहिले काम जागा दाखवण्याचे. गाल दस्त्यावर टेकला, भुवईला रबराचा स्पर्श झाला, की डोळा प्रत्येक वेळी नेमक्या त्याच बिंदूवर येऊन ठरतो. दृश्याच्या एका बाजूने चढणारी ती चंद्रकोरीची काळी सावली, जी डोळा जरा चुकीच्या जागी असल्याची खूण असते, ती उमटतच नाही. दुसरे काम उजेड अडवण्याचे. मागून, कानाच्या बाजूने येणारे ऊन नेत्रिकेच्या काचेवर पडत नाही, आणि त्या छोट्याशा खाजगी अंधारात बाहुली आपोआप विस्फारते. तिसरे काम शब्दांत पकडणे अवघड आहे. स्पर्शाने डोळा आणि यंत्र यांच्यातली फट बुजते, आणि आतापर्यंत जो माणूस यंत्राच्या मागे उभा होता, तो दृश्यासमोर येऊन बसतो.

या सुखामागे पाहण्याच्या कलेची चार शतके उभी आहेत, आणि त्यांची आठवण ठेवून डोळा लावला तर आस्वादाला खोली येते. गॅलिलिओच्या दुर्बिणीचे दृष्टिक्षेत्र इतके अरुंद होते की चंद्राचे पूर्ण बिंबही त्यात एका वेळी मावत नसे. १६११ मध्ये केप्लरने डोळ्यापाशी अंतर्वक्र भिंगाऐवजी बहिर्वक्र भिंग सुचवले आणि दृष्टिक्षेत्र मोकळे झाले. त्याच रचनेने आणखी एक देणगी दिली: नळीच्या आत, हवेत, प्रतिमेला एक खरी जागा मिळाली. १६४० च्या आसपास इंग्लंडच्या विल्यम गॅस्कॉइनला उमगले की त्या जागी धागा ठेवला तर तो प्रतिमेइतकाच स्पष्ट दिसतो. आज आपण जिच्यावर नेम धरतो ती फुली त्या धाग्याची वंशज आहे. रुंदीची ओढ पुढेही चालू राहिली. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत हाइनरिश एर्फ्लेने सुमारे ६० अंशांची नेत्रिका रचली, आणि अपोलोच्या अंतराळवीरांच्या सरावयंत्रांच्या दृश्यरचनेवर काम केलेल्या अमेरिकेच्या अल नॅग्लरने १९८० च्या सुमारास ८२ अंशांची नेत्रिका आकाशनिरीक्षकांच्या हाती दिली. तारे पाहणाऱ्याच्या दुर्बिणीला धक्का नसतो, म्हणून तिथे डोळा केव्हाच काचेला भिडला होता. रायफलींच्या घराण्यात ती मोकळीक पुरती मिळाली ती एअर रायफलीला. निशाण्याच्या साधनांमध्ये आकाशनिरीक्षकाच्या सर्वांत जवळचे असे काही असेल, तर ते हेच.

रुंदीचे मोल दूरच्या लक्ष्यापेक्षा जवळच्या लक्ष्यावर जास्त कळते, ही या विषयातली मोठी गोड विसंगती आहे. रुंद दृश्य म्हटले की आपल्या मनात माळराने आणि डोंगररांगा येतात. पण ८ यार्डांवर, म्हणजे सव्वासात मीटरवर, एखादा १५ मिलिमीटर छिद्राचा उंदीर झुडपाच्या बुडाशी लपवलेला असतो, आणि तिथे १० पटीच्या साध्या वर्तुळाची रुंदी उरते जेमतेम २९ सेंटिमीटर. नुसत्या डोळ्यांनी उंदीर दिसत असतो. स्कोप लावला की सगळीकडे पानेच पाने, काटक्याच काटक्या, आणि उंदीर नाहीसा. मग रायफल इकडे तिकडे हलवत त्याला हुडकायचे, जमवलेली स्थिती मोडायची, श्वास बिघडवायचा. रुंद स्कोपमध्ये तेच वर्तुळ ४६ सेंटिमीटरचे होते, आणि डोळा लावताच उंदीर वर्तुळात कुठे ना कुठे सापडतोच. त्याला मधोमध आणायला रायफल जराशीच हलवावी लागते. शोधण्यात जाणारा वेळ पाहण्यासाठी मोकळा होतो, आणि नेमबाजीत निश्चिंत दोन क्षणांएवढी संपत्ती दुसरी नाही.

पाहायला मिळालेल्या त्या वेळात अंतर वाचायचे असते. फील्ड टार्गेटच्या मूळ प्रकारात हे काम चाळीस-पन्नास पटींचा स्कोप करतो. त्याच्या अंगाला फोकसचे मोठे चाक असते. लक्ष्यावरचा बारकावा लख्ख होईपर्यंत ते फिरवायचे आणि चाकावर लिहिलेले अंतर वाचायचे. इतक्या मोठ्या पटीत नेमका एकच थर स्पष्ट दिसतो, पुढचे-मागचे सारे विरघळते, म्हणून अंतर अचूक मिळते. त्या साधनाची शिस्त आणि सूक्ष्मता विलक्षण आहे. हंटर प्रकारात मात्र खेळ सुरू झाला की फोकस, पट, वरच्या-बाजूच्या कळा, काहीही हलवायचे नाही. बहुतेक जण ८ ते १० पटीवर स्थिरावतात, फोकस मधल्या एखाद्या अंतरावर ठेवतात, आणि मग धूसरपणाच बोलू लागतो. समोरच्या ओकची साल लख्ख, अलीकडचे गवत जरासे मऊ, ससा त्या गवताइतकाही मऊ नाही, म्हणजे तो सालीच्या अंतराच्या किंचित अलीकडे. स्पष्ट आणि अस्पष्ट यांच्यामधल्या या छटा ओळखणे हा डोळ्याचा अभ्यास आहे. पण छटा ओळखायला तुलना लागते, आणि तुलनेला शेजार लागतो. अरुंद वर्तुळात लक्ष्य एकटे असते. रुंद वर्तुळात त्याला शेजारी असतात आणि ते साक्ष देतात.

फुलीवरच्या मिल-डॉटचेही असेच. दोन ठिपक्यांमधले अंतर म्हणजे लक्ष्याच्या अंतराचा हजारावा भाग: ४० मीटरवर ४० मिलिमीटरचे छिद्र एक ठिपका-अंतर व्यापते, २० मीटरवर तेच छिद्र दोन. हे गणित निर्मळ आहे, पण खेळात छिद्राचे माप कुणी सांगत नसल्याने ते एकटे पुरत नाही. मग आपण शेजारच्या ओळखीच्या गोष्टींवर ठिपके टेकवून पाहतो: बीचच्या पानावर, नेच्याच्या दांड्यावर, सशाच्या पायाखालच्या विटेवर. विटेची उंची हाताला ठाऊक असते. वीट चौकटीत आली की अंतराचा अंदाज एकदम पक्का होतो. रुंद वर्तुळ आपल्याला मोजपट्टी देत नाही; ते मोजपट्टी होऊ शकतील अशा दहा वस्तू समोर मांडते आणि निवड आपल्यावर सोपवते.

सर्वांत सूक्ष्म रस वाऱ्याचा आहे. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा वाऱ्याचा पूर्ण अंकित असतो; पानेही धड न हलवणारी झुळूक दूरच्या लहान छिद्रावरून त्याला अलगद बाजूला नेते. आणि वारा दिसत नाही, दिसतात त्याच्या खुणा. इथे एका दोरीकडे लक्ष वेधावेसे वाटते. पडलेले लक्ष्य पुन्हा उभे करण्यासाठी त्याला एक लांब दोरी बांधलेली असते आणि ती जमिनीवरून थेट नेमबाजाच्या जागेपर्यंत आलेली असते. तिचे काम एवढेच. पण सशापासून निघून वर्तुळाच्या खालच्या कडेकडे येताना ती जिथे जमिनीपासून वर उचललेली राहते, तिथे वाऱ्याने थरथरते. रुंद दृश्यात या दोरीची चांगली लांबी नजरेत राहते: सशाजवळ ती स्तब्ध, मधल्या मोकळ्या पट्ट्यात उजवीकडे फुगलेली, अलीकडे पुन्हा शांत. दोन झाडांमधल्या फटीतून वारा आत येतो आणि तिथेच तो छर्र्याला ढकलणार, हे त्या फुगवट्याने लिहून ठेवलेले असते. त्याच वेळी वर्तुळाच्या डाव्या बाजूला गवताची एक लव झुकते, सरळ होते, आणि झुळूक ओसरल्याची वर्दी देते. नेमबाज जिची वाट पाहत होता ती हीच घडी.

आता चाप. आवाज दबलेला, रायफल जागच्या जागी, आणि वर्तुळ निश्चल. बारुदाच्या रायफलीवर गोळी सुटल्यानंतरचा क्षण हरवतो. दृश्य उसळते, आणि ते स्थिरावेपर्यंत जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. इथे तो क्षण पूर्णपणे आपला असतो. स्कोपचा अक्ष नळीच्या वर चार-पाच सेंटिमीटर असल्यामुळे छर्रा दृष्टिरेषेच्या खालून निघतो, वर चढताना तिला एकदा छेदतो, थोडा वरून जातो आणि उतरताना पुन्हा छेदतो. ४० मीटरचा प्रवास सुमारे एक पंचमांश सेकंदाचा, आणि तेवढ्यात गुरुत्वाकर्षण त्याला सुमारे सोळा सेंटिमीटर खाली ओढते. ऊन अनुकूल असेल तर या प्रवासाचा शेवटचा टप्पा डोळ्यांदेखत घडतो: एक करडा ठिपका वर्तुळाच्या मध्याच्या किंचित वर उमटतो, वाऱ्यासोबत किंचित वळण घेत खाली येतो, आणि छिद्राच्या काळोखात शिरतो. पात्याचा टणत्कार कानी येतो, ससा मागे झुकतो, दोरी ताणली जाते. आपण धरलेला अंदाज, वाचलेला वारा, मोजलेले अंतर, सगळ्याचे उत्तर एका वक्र रेषेत लिहिले जाताना दिसते. हुकला तरी ती रेषा दिसतेच, आणि पुढच्या नेमासाठी कुठे, किती, हे शिकवून जाते. रुंद वर्तुळाची सर्वांत मोठी देणगी ही: ते कारण आणि परिणाम एकाच चौकटीत ठेवते.

काठावर दृश्य थोडे मऊ होते, हे खरे. रुंद नेत्रिकेच्या अगदी कडेला सरळ बुंधा किंचित वाकल्यासारखा दिसतो, पानांच्या कडांना मधल्यासारखी धार नसते. चांगल्या बनावटीत ही मऊपणाची पट्टी बारीक असते, आणि तीही डोळ्याला खुपत नाही, कारण आपली स्वतःची दृष्टीही मध्यभागी तीक्ष्ण आणि कडेला हालचाल टिपण्यापुरतीच असते. स्कोपच्या कडेने आपल्याला बारकावा देऊ नये. तिथले गवत हलले एवढे सांगावे. हिवाळी सकाळी डोळ्याला भिडलेल्या काचेवर उच्छ्वासाची वाफ धरते, तीही या जवळिकीची सोबतीण आहे. श्वास खालच्या बाजूला सोडण्याची सवय झाली की ती विरते.

मराठी वाचकाला एअर रायफल भेटली ती बहुधा दुसऱ्या रूपात. अंजली भागवत, सुमा शिरूर, २०२२ मध्ये कैरोला जगज्जेता झालेला ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील, ही नावे घेतली की डोळ्यांसमोर येते ती १० मीटरची बंदिस्त रेंज. तिथे दुर्बिणीला मज्जाव आहे. मागच्या बारीक छिद्रातून पुढचे कडे पाहायचे, त्या कड्यात काळे वर्तुळ मधोमध बसवायचे, आणि ज्या दहाच्या ठिपक्यावर सगळे अवलंबून तो अवघा अर्ध्या मिलिमीटरचा, १० मीटरवरून दिसतही नाही. दुसऱ्या डोळ्यासमोर पट्टी, वारा नाही, पान नाही, अंतर ठरलेले. जग एकेक करून वगळत शून्याकडे जाणारी ती साधना आहे आणि तिचे तेज निर्विवाद आहे. राईतला रुंद स्कोप त्याच रायफलीची दुसरी साधना शिकवतो: काहीही न वगळता, वारा, ऊन, गवत, अंतर या सगळ्यांना सोबत घेऊन मधल्या बिंदूवर स्थिर होण्याची. एकाच हवेच्या बंदुकीने एकाग्रतेच्या या दोन्ही वाटा दाखवाव्यात, याचे कौतुक वाटते.

निवड करायची वेळ आली तर आपण पट विचारण्याआधी रुंदी विचारावी. स्कोपच्या माहितीत १०० यार्डांवर इतके फूट असा आकडा दिलेला असतो. त्याला त्या वेळच्या पटीने गुणून ५.२ ने भागले, की डोळ्यासमोरच्या वर्तुळाचे अंश मिळतात. १० पटीवर १२ फूट म्हणजे २३ अंश, साधे वर्तुळ. १९ फूट म्हणजे साडेछत्तीस, आणि तिथे राई उघडते. मग रायफलीला न जोडलेला नुसता स्कोप हातात घेऊन एखाद्या झाडाकडे पाहावे, सर्वांत कमी पटीपासून सर्वांत जास्त पटीपर्यंत हळूहळू जावे, आणि पट कमी करताना वर्तुळ खरोखर रुंदावते की नुसती काळी कडाच जाड होते, ते तपासावे. जोडलेल्या स्कोपमधून मात्र इकडे तिकडे पाहण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण स्कोप जिकडे वळतो तिकडे नळीही वळते. रानातली पाखरे पाहायला साधी दुर्बीण गळ्यात ठेवावी. एवढे पथ्य पाळले, तर शांत एअर रायफलीवरचा रुंद नेत्रिकेचा स्कोप हा निशाण्याच्या साऱ्या साधनांमध्ये डोळ्याला सर्वाधिक देणारा आहे, असे मी निःशंकपणे म्हणेन. मोठ्या पटीच्या मागे लागण्याआधी त्यातून एकदा निवांत पाहा.